पडद्यावर फिरणारा बाण

माझं झेरॉक्स-प्रिंटिंगचं दुकान आणि मास्तरांचं शिवणकामाचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, तीही अर्धी लाकडी. त्यांचं मशीन चाललं की माझ्या काउंटरवरचे पेन गडगडतात, आणि त्यांनी नुसता सुस्कारा टाकला तरी मला कळतं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कटिंग मास्तर. कोट बेतण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. आणि मग नेमका तोच हात थरथरायला लागला.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण खडूची रेघ काही सरळ येईना. मास्तर कापड पुसायचे, पुन्हा आखायचे, पुन्हा पुसायचे. त्यांची बायको आधीच गेलेली. घरात ते आणि एकच लेक. लहानपणी तिने कोटाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून सगळे तिला बटणच म्हणतात. ती तेव्हा कॉम्प्युटर शिकत होती. बापाची पुसापुशी तिने काही दिवस गुपचूप पाहिली आणि एका संध्याकाळी वही न घेता, लॅपटॉप घेऊन कटिंगच्या टेबलावर चढून बसली.

"छातीच्या मापावरून बाही जोडायचा मुंढा किती धरता?"

"ते काय सांगायचं असतं होय? हाताला कळतं."

"हाताला कळतं ते तोंडाने सांगा."

पुढचे दोन महिने भिंतीपलीकडून मला हेच ऐकू येत होतं. खांद्याचा उतार, कॉलरचा बाक, पोट सुटलेल्या माणसाचा पुढचा भाग. मास्तर चिडायचे, ती त्यांच्यापेक्षा जास्त चिडायची, मग दोघं हसायची. मास्तर मला एकदा म्हणाले होते, "ताई, इतकं मला आयुष्यात कुणी विचारलं नाही."

त्यातून तिने पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. मापं घातली की प्रिंटरमधून कागद निघायचे. ते चिकटवले की कोटाचा पूर्ण आकाराचा खाका तयार. मास्तर तो कापडावर ठेवून कापायचे. कात्री जड, टेबलावर टेकून चालते, तिला थरथर जाणवत नाही. दुकान तरलं.

मग बटणला लांबच्या देशात नोकरी लागली आणि ती गेली. भांडण नाही, अबोला नाही. फोन यायचे.

"जेवलात?"

"हो. तू?"

"हो."

"बरं मग."

सुरुवातीला रोज, मग आठवड्याला, मग जमेल तसे. फोन ठेवला की मास्तरांचं मशीन बराच वेळ बंद असायचं.

गेल्या वर्षी त्यांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. नवा आणला, विंडोज नवं, पायथनही अगदी ताजं. जुन्या डिस्कवरून प्रोग्रामचं फोल्डर मीच काढून दिलं. आयकॉनवर क्लिक केलं, एक काळी खिडकी डोळा मारल्यासारखी उघडली आणि मिटली. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मला या गोष्टींचं कामापुरतं कळतं. काळ्या खिडकीत हाताने आज्ञा टाइप केली तेव्हा तक्रार दिसली: एक पॅकेज, म्हणजे प्रोग्रामला लागणारा दुसऱ्या कुणी लिहिलेला तयार भाग, सापडत नाही. सोपं आहे म्हणून ते इन्स्टॉल करायला घेतलं, तर पानभर लाल अक्षरं आली. शेवटी काय, तर हे पॅकेज आधी बांधावं लागेल आणि बांधायची हत्यारं या मशीनवर नाहीत. मी इंटरनेटवर वाचून एक उपाय केला, दुसरा केला. लाल अक्षरं वाढत गेली.

"बटणला फोन करा," मी म्हणाले.

"ती कामात असते. कशाला उगाच."

वाद्यवृंदाच्या लोकांचे कोट शिवायला आले होते. मास्तरांनी खडू घेतला आणि पहिला कोट हाताने आखायला लागले. मी बघत होते. रेघ पाण्यात पडल्यासारखी हलत होती. त्यांनी ती तळहाताने पुसली, खडू डबीत ठेवला आणि म्हणाले, "लावा फोन."

रविवारी सकाळी बटणने सांगितलं तसं मी लांबून कॉम्प्युटर चालवायचं एक ॲप उघडलं, त्यातला नंबर तिला वाचून दाखवला आणि माउसवरून हात काढला. क्षणभर काहीच झालं नाही. मग पडद्यावरचा बाण हलला.

मास्तर खुर्चीत पुढे सरकले. "कोण हलवतंय?"

"मी, बाबा." फोन स्पीकरवर होता. "तुम्ही फक्त बघा."

बाण कोपऱ्यात गेला, फोल्डर उघडलं, खाली आला, थांबला. ती विचार करत होती, आणि विचार करताना तोंडातल्या तोंडात "हं, हं, थांब जरा" म्हणत होती. ही तिची लहानपणची खोड. मास्तरांची नजर बाणावरून हटत नव्हती. तो उजवीकडे गेला की त्यांची मानही उजवीकडे. मी चहा करून आणला, तो तसाच गार झाला.

"सापडलं," ती म्हणाली. "रेघा काढायला मी जे पॅकेज वापरलंय ना, ते फार जुनं झालं. बनवणाऱ्याने ते मागेच सोडून दिलंय. नव्या पायथनला चालेल असं तयार रूप त्याने काढलंच नाही. म्हणून विंडोजवर ते कच्च्या मालापासून बांधायला जातंय, आणि अडकतंय."

"जुन्या मशीनची बॉबिन नव्या मशीनला बसत नाही, तसं," मास्तर म्हणाले.

"अगदी तसं."

"पण त्याने सोडून का दिलं? चांगलं चाललं होतं की."

"काय माहीत, बाबा. दुसरीकडे नोकरी लागली असेल. वेळ मिळत नसेल."

 बाण एका जागी उभा होता.

मग तिने उपाय काढला. नवं पायथन राहू द्यायचं आणि त्याच्या शेजारी जुनं पायथन बसवायचं. प्रोग्रामसाठी एक वेगळी खोली केल्यासारखं वेगळं फोल्डर करायचं, त्यात फक्त जुनं पायथन आणि जुनी पॅकेजेस. जुनं पॅकेज तिथे निमूट बसलं. पण प्रोग्राम सुरू केला तर पुन्हा तक्रार: त्याच्या जोडीचं दुसरं एक पॅकेज गरजेपेक्षा नवं आलं होतं, आणि जुन्याला त्यातलं जे हवं होतं ते नव्यातून काढून टाकलेलं. मग त्याचीही जुनी आवृत्ती शोधणं आलं. एक बसवून पाहिली, चालली नाही. त्याहून जुनी बसवली.

"कोणत्या आवृत्त्या लागतात ते तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं," ती पुटपुटली. "साधी गोष्ट आहे. सगळे लिहितात."

"मग का नाही लिहिलंस?"

"वाटलं होतं, मी असेनच की इथे."

मी उठून माझ्या दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं, पण गेले.

थोड्या वेळाने मास्तरांची हाक आली. प्रोग्रामची खिडकी उघडी होती, मापांचे रिकामे चौकोन समोर.

"कुणाची मापं घालून बघू?" बटणने विचारलं.

"तुझी घाल."

"माझी जुनी आहेत यात. आता नाही बसणार, बाबा. मी जाड झालेय."

"मग नवी घे. टेप नेलीस ना इथून?"

ती उठल्याचा आवाज आला, कपाट उघडल्याचा, काहीतरी पडल्याचा. टेप नेली होती तिने. छाती सांगितली, कंबर सांगितली, बाही सांगितली. मास्तर प्रत्येक आकड्याला "श्वास सोडून घे" म्हणत होते. मग पाठीची रुंदी आली. पलीकडून बराच वेळ खुडबुड ऐकू आली.

"हे नाही जमत," ती म्हणाली. "एक टोक धरलं की दुसरं सुटतं."

"नाहीच जमणार. पाठीचं माप स्वतःचं स्वतःला घेता येत नाही."

"ऑफिसातल्या कुणाला तरी सांगते."

"त्यांना कळायचं नाही कुठून कुठे. राहू दे." मास्तरांनी घसा खाकरला. "आल्यावर घेऊ."

 ती म्हणाली, "चालेल. आल्यावर." आणि पाठीच्या चौकोनात जुनाच आकडा घालून तिने प्रिंट दिलं. कागद एकामागून एक बाहेर आले. मास्तरांनी दोन कागद जोडून उजेडात धरले. रेघ एकदम सरळ.

"आता हे फोल्डर बंदिस्त आहे, बाबा. विंडोजचं काहीही बदललं तरी आतल्या वस्तू बदलणार नाहीत. आवृत्त्याही लिहून ठेवल्यात. आता नाही बिघडणार."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. बाण थांबला, आणि मग ती निघून गेल्याची पाटी पडद्यावर आली.

वाद्यवृंदाचे कोट वेळेवर गेले. पण मास्तरांचं लक्ष कामात नव्हतं. मी दोन-तीनदा म्हटलं, करा ना बटणला फोन, त्याला काय निमित्त लागतं. ते म्हणाले, "सगळं चालू आहे म्हणून सांगायला फोन करू?"

"हो," मी म्हटलं.

दुकानातून तरी त्यांनी केला नाही, घरून केला असला तर माहीत नाही. पण एक दिवस त्यांच्या टेबलावर निळं लोकरी कापड दिसलं, आणि त्यावर बटणच्या मापाचा खाका. पुढचे भाग त्यांनी नेहमीसारखे कापले. पाठीच्या भागापाशी मात्र थांबले आणि कडेला भरपूर कापड सोडून कात्री चालवली.

"मास्तर, केवढी ही माया सोडलीत?" मी विचारलं. शिवणीच्या आत वाढवायला म्हणून सोडतात त्या कापडाला शिंपी मायाच म्हणतात.

"माप नाही ना हाताशी. कमी पडलं तर काय करू?"

कोट कच्च्या धाग्यावर उभा राहिला. पांढरे टाके वरून दिसतात, आत अस्तर नाही, एकच बाही. बटणने सुट्टीला येते म्हणून दोनदा सांगितलं. एकदा रजा मिळाली नाही, एकदा मिळून रद्द झाली. मास्तरांनी दोन्ही वेळा "हरकत नाही, काम महत्त्वाचं" म्हटलं. भिंतीपलीकडून मी ऐकलं.

हल्ली तिचे फोन पूर्वीपेक्षा लांबतात. मास्तर तिला नवीन कापडाबद्दल सांगतात, ती कुठल्याशा दुकानाच्या काचेत पाहिलेल्या कोटाची कॉलर कशी होती ते सांगते. कोट तसाच टांगलेला आहे. कुणी गिऱ्हाईक हात लावून विचारतं, हा विकायचा आहे का. मास्तर म्हणतात, ट्रायल बाकी आहे. आणि दुपारी दुकानात कुणी नसलं की ब्रश घेऊन त्याच्या खांद्यावरची धूळ झटकत बसतात.