उङ साली जन्मलेला माणूस

उलबोसिनच्या नाकावर कायम राग असतो, असं अक्कुम या कझाख गावातले लोक म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. सुरुवात नावापासूनच झाली होती. घरात तिसरीही मुलगीच झाली तेव्हा बापानं तिचं नाव उलबोसिन ठेवलं. त्याचा अर्थ 'आता मुलगा होऊ दे'. आपल्याकडे नकुशी ठेवतात ना, तसंच. पुढं खरंच मुलगा झाला. बापानं घोडा कापून गावजेवण घातलं, आणि जो तो येऊन उलबोसिनच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "गुणाची पोर, पाठीवर भाऊ घेऊन आली." हे कौतुक तिला जन्मभर झोंबलं.

शाळा संपल्यावर ती तालुक्याच्या वर्तमानपत्रात टंकलेखक म्हणून लागली. यंत्र रशियन होतं. कझाख भाषेची नऊ अक्षरं त्यावर नव्हतीच. मराठी लिहायला बसावं आणि यंत्रावर ळ नाही, ण नाही, अशी गत. बाळाचा बाल होतो, पाण्याचं पानी होतं. तेव्हाचे संपादक म्हणायचे, "आधी छाप, मग पेनानं शेपट्या काढ." उलबोसिन कागद छापायची आणि मग मान मोडेपर्यंत एकेका अक्षराला शेपटी, टोपी, टिंब लावत बसायची. स्वतःच्या नावाच्या पहिल्या अक्षरालाही आडवी रेघ तिलाच मारावी लागायची. चष्मा लागला तो त्या शेपट्यांनीच.

मग कॉम्प्युटर आले, आणि त्यांच्याबरोबर कझाख अक्षरं छापलेला लांबलचक कीबोर्ड आला. ती नऊ अक्षरं वरच्या ओळीत होती, जिथं एरवी अंक असतात तिथं. अंकांचा वेगळा चौकोन उजव्या हाताला. त्या दिवशी तिनं आपलं नाव पेन न लावता छापलं आणि कुणाला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

पुढं पानं लावायचं कामही तिच्याकडे आलं. तो कीबोर्ड पिवळा पडला, पण तिचे हात त्याला ओळखत होते. डावीकडे भाषा, उजवीकडे सालं आणि तारखा.

येर्किन्बेक संपादक होऊन आला तो राजधानीतून. तिच्या मुलाच्या वयाचा, गोड बोलणारा, इस्त्रीचे कपडे घालणारा. आल्या आल्या त्यानं भिंती रंगवल्या, खुर्च्या बदलल्या, आणि एके सकाळी उलबोसिन कामावर आली तर टेबलावर काळा, चिमुकला कीबोर्ड. उजवीकडचा अंकांचा चौकोनच नाही. तिथं निवडुंगाची कुंडी.

"आणि अंक?" तिनं विचारलं.

"वरच्या ओळीत आहेत की, आपाय." थोरल्या बाईला तिकडे आपाय म्हणतात.

"वरच्या ओळीत माझी अक्षरं आहेत."

"मग भाषा बदलायची. दोन बटणं दाबली की रशियन, अंक टाकायचा, पुन्हा दोन बटणं, कझाख. पोरं तसंच करतात. बघा ना, टेबल कसं मोकळं दिसतंय!"

"टेबल मोकळं पाहिजे तर मलाच उचला इथून. माझा जुना कुठंय?"

जुने सगळे कचऱ्याच्या गाडीत गेले होते. उलबोसिनच्या मस्तकात तिडीक गेली. पण पगार त्याच्या सहीनं निघत होता. ती बसली, आणि दोन बटणं दाबू लागली.

व्हायचं तेच झालं. दुइसेनबाय म्हणून रेल्वेतला म्हातारा गँगमन वारला. उन्हाळ्यात रूळ तापून वाकायचे आणि हिवाळ्यात आखडायचे, ते सरळ करण्यात त्यानं सगळा जन्म काढला होता. त्याची श्रद्धांजली उलबोसिनकडे आली. भाषा बदलायची एकदा राहिली. १९४१ हे जन्मसाल टाकताना चार बटणांनी काय केलं, तर दोन्ही टोकांना अवतरणचिन्हं टाकली आणि मधे दोन अक्षरं. वर्तमानपत्र तसंच छापलं गेलं, आणि गावानं वाचलं: 'कै. दुइसेनबाय यांचा जन्म "उङ" साली झाला.'

गावाला तेवढंच पुरे होतं. तिकडे सालांना जनावरांची नावं असतात. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "उंदराचं साल असतं, घोड्याचं असतं, सापाचं असतं. हे उङ कुठलं जनावर?" दुसरा म्हणाला, "म्हाताऱ्याकडे बघितलं असतंस तर कळलं असतं." झालं. मेल्या माणसाला टोपणनाव मिळालं.

त्याची बायको कामशात वर्तमानपत्राची घडी हातात घेऊन कचेरीत आली. आरडाओरडा नाही, काही नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "ह्यांनी तुमचं काय वाकडं केलं होतं गं?"

उलबोसिन बोलणारच होती, पण उत्तर येर्किन्बेकनंच दिलं, सगळ्यांसमोर. "आजी, माफ करा. आमच्या बाई जुन्या वळणाच्या. नवीन वस्तू त्यांच्या हाताला बसत नाही."

कामशात गेली. दार बंद झालं आणि उलबोसिन उभी राहिली. "हाताला बसत नाही? अरे, हात माझेच आहेत! तू त्यांच्यातले अंक काढून कुंडी ठेवलीस!"

"आपाय, आवाज."

"आवाज आता निघालाय. चूक माझी आहे, ती मी माझ्या तोंडानं सांगितली असती. तू कोण मधे बोलणारा? आणि दुरुस्ती कधी छापतोयस?"

"छोटी गोष्ट आहे. लोक विसरतील. उगाच खपली काढू नका."

दुसऱ्या दिवशी तिनं कामाला दांडी मारली आणि आगगाडीनं किझिलोर्दा शहरात गेली. बाजारातल्या दुकानदारानं आधी छोटेच कीबोर्ड पुढं केले. रंगीबेरंगी, दिवे लागणारे.

"आपाय, लांब आता कोण घेतं? हा घ्या. बटणं बघा कशी, लोण्यासारखी. कझाख अक्षरांचे स्टिकर लावून देतो."

"स्टिकर लावलेस की अंक कुठं जाणार?"

"अं?"

"अक्षरं वर चिकटवशील, मग अंक कुठून आणू? तुझ्या घरून?"

दुकानदार हसला. ती हसली नाही. त्यानं माळ्यावरून धुळीचा खोका काढला. आतला कीबोर्ड लांब होता, अंकांच्या चौकोनाचा, अक्षरं छापलेली. पण बटणं दगडासारखी. तिनं काउंटरवर दोन्ही ठेवून बघितले. छोट्यावर बोटं खरंच पळत होती, सांधे दुखत नव्हते, आणि त्याचाही तिला राग आला. शेवटी तिनं दगडी बटणांचाच घेतला.

परतल्यावर तिनं कुंडी उचलून येर्किन्बेकच्या टेबलावर ठेवली आणि आपला कीबोर्ड जोडला. मग दुरुस्ती लिहिली: दुइसेनबाय यांचं पूर्ण नाव, खरं साल, नोकरीचा सगळा काळ, आणि 'चूक छापणाऱ्याची, मृताची नव्हे.' ती तिनं आतल्या पानावर न टाकता पहिल्या पानावर, चौकटीत, धान्य-परिषदेच्या फोटोच्या जागी लावली. कुणाला विचारलं नाही.

अंक बाहेर पडल्यावर येर्किन्बेकचा गोडवा उतरला. "माझ्या पहिल्या पानावर?"

"म्हाताऱ्याची बदनामी पण तुझ्याच पानावर झाली होती."

पुढच्या आठवड्यात तिला पानांवरून काढून दारातल्या जाहिराती घ्यायच्या खिडकीवर बसवलं. पानं लावायचं काम पोरांकडे गेलं. ती पोरं कझाख अक्षरांच्या जागी निम्म्या वेळा रशियनच टाकतात, आणि कुणी काही बोलत नाही. उलबोसिननं आपला कीबोर्ड काखेत मारला आणि खिडकीवर जाऊन बसली.

मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला कामशातनं तिला बोलावणं धाडलं. मांस झालं, पिठाचे तळलेले गोळे आले, वाट्यांतून चहा आला. तेवढ्यात दुइसेनबायचा एक मेहुणा वाटी पुढं करत म्हणाला, "ओता, ओता, आज उङचा चाळिसावा!" दोघंतिघं फिस्सकन हसले.

उलबोसिननं वाटी आपटली. "लाज नाही वाटत? त्याच्याच घरात, त्याच्याच चाळिसाव्याचं जेवण खाऊन? रूळ वाकले की रात्रंदिवस कोण धावायचं? तू? तुझा ढेरपोट्या बाप?"

मेहुण्याचा चेहरा लाल झाला. "मोठी आली शिकवणारी! ते छापलं कुणी होतं?"



"मी," उलबोसिन म्हणाली. "मी छापलं. मला शिव्या दे, सगळ्या ऐकते. त्याला नाही द्यायच्या."

मेहुणा काही बोलणार होता, पण कामशातनं त्याच्या हातातली वाटी काढून घेतली. "तू बाहेर जाऊन ये जरा," ती त्याला म्हणाली. मग उलबोसिनची सांडलेली वाटी पुसली, पुन्हा चहा भरला, दूध घातलं.

"पी. निवतोय."

उलबोसिन चहा प्यायली. वाटी रागानंच उचलली होती, निम्मा चहा बशीतच गेला. कामशातनं तोही वाटीत ओतून दिला आणि तिच्या शेजारीच बसून राहिली.