धुरपताबाई आणि देवीच्या पोशाखाचा व्हिडिओ

समई चिंचेनं घासून अर्धी झाली होती. खालची बैठक लखलखीत, वरची दांडी अजून काळीच. तेवढ्यात भिंतीपलीकडून रेणुकाची हाक आली, "काकू, जरा येता का? आत्याबाई मशीनवरून उठल्यात अन बोलंनात." हात तसेच पदराला पुसले आणि गेले.

रेणुका ही आमच्या शेजारच्या धुरपताबाईंची सून. धुरपताबाई कोण हे ताडकळसात कुणाला सांगावं लागत नाही, पण वहीत लिहायचं तर नीट लिहावं. त्या देवांचे कपडे शिवतात. देवीचं लुगडं-चोळी, विठ्ठलाची अंगी, खंडोबाचा फेटा. त्यांचे मालक लिंबाजीकाका माणसांचे कपडे शिवायचे. आता डोळ्यांना कमी दिसतं म्हणून इस्त्री करतात आणि घराच्याच पुढच्या खोलीतल्या दुकानात बसून सगळ्यांना बोलतात.

देवाचं शिवणं मी इतकी वर्षं बघते, तरी दर वेळी हातातलं काम सोडून बघत बसते. सुईत दोरा ओवताना धुरपताबाई तो कधी तोंडाला लावत नाहीत, उष्टा होतो म्हणून. शेजारी वाटीत पाणी असतं, त्यात बोट बुडवतात. देवाचं कापड खाली जमिनीवर ठेवायचं नाही, स्वतःच्या अंगाला लावून बघायचं नाही. आणि माप टेपनं घ्यायचं नाही. पुजारी पडदा ओढून देवीच्या अंगाला लाल दोरा लावतो, खांद्याला एक गाठ, कमरेला एक, पायाशी एक. तो दोरा यांच्याकडे येतो. नुसत्या दोऱ्यावरून त्या असं लुगडं शिवतात की देवीला नेसवल्यावर निरी जिथं पडायची तिथंच पडते. देवी त्यांनी पाहिलेलीही नसते कधी कधी.

पण अलीकडं काम फार कमी झालं. बाहेरून तयार पोशाख यायला लागले, नंबरावर. तीन नंबरची देवी, पाच नंबरचा कृष्ण. जत्रेत ढिगानं मिळतात. लिंबाजीकाकांनी उन्हाळ्यातच सांगून टाकलं होतं, "दसऱ्यापातुर बघू. न्हाई काम आलं तर दुकानात शाळेचे गणवेश घेऊ. परभणीचा माणूस कापड द्यायला तयार हाय. देव काय, कुणाचंबी घालतील." त्या दिवसापासून सकाळी त्यांच्या घरातून मशीनचा आवाज यायच्या आधी बराच वेळ धुरपताबाईंच्या आरतीचा आवाज यायला लागला.

मग रेणुकानं मोबाइलवर व्हिडिओ टाकायचं काढलं. पोरगी बारावी झालेली, हुशार आहे. आधी तिनं एकच व्हिडिओ करून तो इन्स्टाग्रामवर, यूट्यूबवर, फेसबुकवर, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर, सगळीकडं टाकला. कुठंच कुणी बघितला नाही. मग तिनं दुसऱ्यांचे बघितले. लोकांना आधी साधी मूर्ती आणि मग हात फिरवल्यावर एकदम सजलेली मूर्ती, असं बघायला आवडतं, हे तिच्या लक्षात आलं. दुकानात नमुन्याला एक देवीची मूर्ती आहे. तिचा तसा व्हिडिओ करून, वर सध्या गाजणारं गाणं लावून, तिनं इन्स्टाग्रामवर टाकला. तो लाखावर लोकांनी बघितला. एवढी माणसं मी यात्रेतही एका जागी पाहिलेली नाहीत. रेणुकानं मला आकडा दाखवला तेव्हा मीही म्हटलं, आईची कृपा झाली.

आणि त्या दिवशी धुरपताबाईंनी तो बघितला. बसस्टँडवर कुणाच्या तरी मोबाइलमध्ये. गाण्याच्या ठेक्यावर देवी उघडी, मग नेसलेली, पुन्हा उघडी, पुन्हा नेसलेली.

मी गेले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मशीनचा पट्टा काढून ठेवलेला.

"काय झालं धुरपताबाई?"

"वहिनी, देवीला न्हाऊ घालताना, नेसवताना आपण पडदा ओढतो का न्हाई?"

"ओढतो."

"हिनं पडदा काढला."

रेणुका दारात उभी होती. "आत्याबाई, ती नमुन्याची मूर्ती हाय. तिची प्रतिष्ठा कुठं झालीय?"

"मी रोज तिला हळदकुंकू लावते. अजून कशी असती प्रतिष्ठा?"

रेणुका रडवेली होऊन म्हणाली, "लाख लोक बघायलेत. आता काढला तर सगळं गेलं. दुकान वाचवायला करायले ना मी? माझ्या माहेरच्यासाठी करायले का?"

"काढ," एवढंच त्या बोलल्या. मग म्हणाल्या, "अन मोबाइलचं सगळंच बंद कर. गणवेश शिवू आपण."

रेणुकानं व्हिडिओ काढला.

मला वाटलं एवढ्यावर संपलं. पण धुरपताबाई म्हणाल्या, "आता फोन लाव. ज्यांच्या ज्यांच्या देवाचं मी शिवलंय त्या सगळ्यांना. माफी मागायची. त्यांनी पाहिलं असंल तर काय म्हणले असतील." लिंबाजीकाका इस्त्री थांबवून म्हणाले, "सगळ्यांना? मग इस्त्रीचं काम उद्या करतो. हे ऐकू."

पहिला फोन भगवानराव गुरवांना. सोनपेठकडच्या एका खेड्यात देवीचं देऊळ आहे, तिथले पुजारी. रेणुकानं फोनचा आवाज मोठा केला.

"भगवानराव, धुरपता बोलते, ताडकळसहून. देवीचं बरं हाय का?"

"बरं हाय की. तुमचं?"

"माझ्या घरातून चूक झाली. देवीचं रूप उघडं दाखवलं मोबाइलात. लाखभर लोकांनी पाहिलं. तुमी बी पाहिलं असंल. तुमच्या देवीची अन तुमची माफी मागायला फोन केला."

पलीकडून प्रश्न आला, "कुठं दाखवलं?"

"इन्स्टाग्रामवर," रेणुका हळूच म्हणाली.

"ते आपल्याकडं न्हाई बा. नातीकडं हाय, ती नाच बघती त्याच्यात. मी न्हाई पाहिलं. गावात बी कुणी बोललं न्हाई."

दुसरा फोन पिंगळीच्या मारुतीच्या पुजाऱ्याला. त्यानंही पाहिलं नव्हतं. तिसरा सरजाबाईंना, त्यांचं बायकांचं भजनी मंडळ आहे आणि दर वर्षी रुक्मिणीचं लुगडं त्याच देतात. त्याही म्हणाल्या, "मी कशाला बघू गं बाई ते? दुपारी जेवण झालं की यूट्यूबवर कीर्तन लावते, चांगलं तासभराचं. ते टिचभर टिचभर बघितलं की डोळे गरगरतात."

एकामागून एक फोन झाले. धुरपताबाई प्रत्येकाची तितक्याच मनापासून माफी मागत होत्या, जणू तोच पहिला. आणि प्रत्येक जण म्हणत होता, आम्ही नाही पाहिलं. समोरच्यानं न पाहिलेल्या गोष्टीची माफी मागणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. तिथून उठावंसं वाटेना.

लिंबाजीकाका म्हणाले, "म्हणजे लाख लोकांत आपलं एकबी गिऱ्हाईक नव्हतं. मोठी जत्रा भरवली सुनबाईंनी, पण आपल्या गावाची न्हाई."

रेणुका त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं धुरपताबाईंच्या हातातला फोन घेतला आणि भगवानरावांना परत लावला. "काका, मग तुमी लोक मोबाइलात बघता काय?"

"आमचं काय, व्हॉट्सॲप. पुजाऱ्यांचा गट हाय. अन गावाचं फेसबुक पान हाय, त्यावर मी देवीचा फोटो टाकतो. पुण्याला, संभाजीनगरला गेलेली मंडळी तिथंच असते. सकाळी फोटो टाकायला उशीर झाला तर फोन येतात मला. पोशाख बी तेच देतात की, नवसाचा. गावातला माणूस कुठं देतो आता?"

फोन ठेवून रेणुका धुरपताबाईंना म्हणाली, "आत्याबाई, पोशाख देणारा एकीकडं, माप देणारा दुसरीकडं, अन मी तिसरीकडंच ओरडायलेय. मोबाइल बंद नका करू. जागा बदलू."

"पण पडदा?"

"पडदा उघडतानाचं चालंल का?"

धुरपताबाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "पडदा उघडल्यावर सगळेच बघतात. त्याला कोण न्हाई म्हणंल."

तिथून पुढं दोघींचं जे सुरू झालं ते बघायला मी रोज काहीतरी निमित्त काढून जात होते. आपलं पान काढून लोकांना बोलवायचं नाही, त्यांच्या गावाच्या पारावर जाऊन बसायचं, असं रेणुका म्हणायची. म्हणजे ज्या गावची देवी, त्या गावच्या फेसबुक पानावर तिथल्या पुजाऱ्यानंच व्हिडिओ टाकायचा. यूट्यूबवर लांबलचक व्हिडिओ, दुपारी निवांत बघणाऱ्या बायकांसाठी, त्यात दोऱ्यानं माप कसं घ्यायचं ते. व्हॉट्सॲप फक्त रंग-कापडाच्या बोलण्याला. आणि इन्स्टाग्राम बंद. चार ठिकाणी धावायला त्या दोघीच, हे रेणुकालाही कळत होतं.

मापाच्या व्हिडिओला मोठी पंचाईत झाली. मूर्तीवर दाखवायचं नाही. मग रेणुकानं पाण्याची घागर मांडली आणि डोकं दिसावं म्हणून वर नारळ ठेवला.

धुरपताबाई म्हणाल्या, "नारळ ठेवलास की ती बी देवीच झाली. काढ."

वरवंटा आणला. "तो बारशाला बाळकृष्ण असतो." शेवटी लिंबाजीकाकांनाच पाटावर बसवलं. हात जोडायला सांगितलं तर म्हणाले, "जन्मभर हिनं मला कधी दोरा लावला न्हाई. आता देवपण आलं तवा आठवण झाली." तेवढं रेणुकानं व्हिडिओत ठेवलं. सरजाबाईंच्या मंडळातल्या बायका ते ठिकाण पुन्हा पुन्हा लावतात म्हणे.

पडद्याचा व्हिडिओ मात्र मी समोर उभी राहून पाहिला, कारण घंटी माझ्या हातात होती. नमुन्याच्या देवीला धुरपताबाईंनी पडद्याआड नेसवलं. मोबाइल बाहेर. व्हिडिओत बराच वेळ नुसता लाल पडदाच. आत बांगड्यांचा आवाज, कापडाची सळसळ. गाणं नाही. मला वाटलं, एवढा वेळ नुसता पडदा कोण बघेल. मग रेणुकानं खूण केली, मी घंटी वाजवली आणि पडदा सरकला. देवी हिरव्या लुगड्यात उभी. इतक्या दिवसांची ती दुकानातली मूर्ती, तिच्यावरची धूळ मी कितीदा पुसलेली, पण माझे हात आपोआप जोडले गेले आणि घंटी खाली पडली. तो आवाजही त्या व्हिडिओत आहे. रेणुका म्हणाली, राहू द्या.

भगवानरावांनी तो गावाच्या पानावर टाकला. फार लोकांनी बघितला नाही, शंभर-दीडशे असतील. पण त्यात भागवत म्हणून त्यांच्याच गावचे एक जण होते, पुण्याला कंपनीत. मुलीच्या दुखण्यात त्यांनी देवीला महावस्त्र, म्हणजे भारी रेशमी लुगडं, नवसाला बोललेलं होतं आणि ते कुठं शिवून घ्यायचं हे त्यांना कळत नव्हतं. त्यांचा फोन आला. म्हणाले, "पडदा उघडायच्या आधी मी उभा राहिलो हापिसात. लोक बघायले होते माझ्याकडं."

औंदा त्यांच्या गावच्या देवीला चांदीचा नवा मुखवटा बसलाय, म्हणून जुना दोरा चालणार नव्हता. भगवानरावांनी माप द्यायला देवळातून थेट व्हिडिओ कॉल लावला. पडद्याच्या आतून, देवीकडं मोबाइल धरून. रेणुकानं "उचलू का" म्हणेपर्यंत धुरपताबाईंनी फोन मशीनवर पालथा घातला होता.

"भगवानराव, तुमचा मोबाइल बी पालथा ठेवा आदी. अन मग बोला."

"मग माप कसं दिसंल तुमाला?"

"मला दिसायचं न्हाई. तुमी गाठी मारा, मी सांगते."

पालथ्या फोनमधून भगवानरावांचा आवाज येत होता, कापराचा वास जणू इथवर येतोय असं वाटत होतं. धुरपताबाई डोळे मिटून विचारत होत्या, मुखवट्याची कड कुठवर येते, खांदा झाकतो का, हार कुठं टेकतो. प्रत्येक उत्तराला त्या स्वतःच्या हातातल्या दोऱ्याला गाठ मारत होत्या, अंदाज यावा म्हणून. भगवानरावांचा खरा दोरा मग गुरुवारी एसटीनं आला. एकच गाठ तेवढी बोटभर खाली-वर निघाली, बाकी सगळ्या जुळल्या. मी दोन्ही दोरे शेजारी शेजारी पाहिले.

त्यानंतर पिंगळीच्या मारुतीच्या शेंदरी वस्त्राचं काम आलं, आणि सरजाबाईंच्या ओळखीनं आणखी दोन रुक्मिणी. पुढच्या वर्षीचं कुणाला माहीत. पण परभणीच्या गणवेशवाल्याचा फोन आला तेव्हा लिंबाजीकाका म्हणाले, "औंदा न्हाई जमायचं. देवीचं काम चालू हाय." आणि फोन ठेवून इस्त्रीत कोळसा घालायला लागले.

धुरपताबाईंनी आज मशीनला नवा पट्टा लावला. महावस्त्राला अस्सल रेशमी कापड लागतं, ते ताडकळसात मिळत नाही. उद्या सकाळच्या गाडीनं त्या परभणीला कापड आणायला जाणार आहेत.