एकही चलान नसलेला माणूस

भाऊरावला बसता येत नाही. ढुंगण टेकवता येतं, पण बसणं म्हणतात ते त्याला जमत नाही. चहा उकळी बसायच्या आत घशाखाली घालतो. जेवतो तेही उभ्यानं, ताट ओट्यावर ठेवून. फरीदाबादच्या दोन खोल्यांच्या घरात टीव्हीपुढं बसलाच, तर उजवा पाय फरशीवर चालू असतो. पडद्यावर कुणी सावकाश बोलायला लागलं की तो पाय आणखी दाबला जातो.

"फरशीले भोक पडन एक दिवस," त्याची बायको सुरेखा म्हणते.

"पडू दे. मालकाची फरशी हाय."

माणूस आमच्या वऱ्हाडातला, मंगरूळपीरकडचा. बाप शंकरपटात धुरकरी होता, म्हणजे शर्यतीच्या बैलजोडीमागं उभा राहून जोडी हाकणारा. जोडी सुटली की पापणी लवायच्या आत खेळ संपतो. मागं कोण आहे, कोण पडलं, हे बघायची धुरकऱ्याला सवड नसते. बाप तसा होता आणि भाऊरावला तेच रक्त मिळालं, असं सुरेखा सासरकडच्या सगळ्या खोडींबद्दल म्हणते तसं याबद्दलही म्हणते. नागपूरच्या एका साहेबाची बदली दिल्लीला झाली, त्याच्यासोबत ड्रायव्हर म्हणून भाऊराव आला. साहेब परत गेला, हा राहिला. आता स्वतःची सात सीटची पांढरी गाडी आहे. सकाळी फरीदाबादहून नोएडाच्या ऑफिसात माणसं नेऊन टाकायची, संध्याकाळी आणायची. माणसं त्याला 'राव साब' म्हणतात. बरेच जण त्याला आंध्राकडचा समजतात. तोही खोडून काढत नाही. तेवढा वेळ कुणाला आहे?

त्याला एका गोष्टीचा भारी अभिमान. "आजपावतो एक चलान नाई. एक!" कुणी विचारो न विचारो, तो सांगतो. दिल्लीच्या रस्त्यांवर आयुष्य काढून चलान नाही, म्हणजे पावसात फिरून कोरडं घरी येण्यातला प्रकार. ऐकणारा म्हणतो, वा, काय शिस्तीचा माणूस!

शिस्त कसली बाप्पा! भाऊरावला रस्त्यावरचा प्रत्येक कॅमेरा तोंडपाठ आहे. कोणत्या खांबावर आहे, कोणता पुलाच्या आड लपलेला आहे, कोणता नुसता लटकलाय आणि आत जीव नाही, सगळं. कॅमेऱ्याला तो 'सायब' म्हणतो. एक्स्प्रेसवेवर गाडी एकशेतीसनं सोडलेली असते. लांबून खांब दिसला की "सायब आला!" आणि ब्रेकवर पाय. खांबाखालून गाडी अशी जाते, जणू देखणं पोर पाहुण्यांसमोरून मान खाली घालून चाललंय. खांब मागं पडला की "सायब गेला!" आणि पुन्हा तोच पाय खाली. गाडीतल्या ऑफिसवाल्यांना हे इतकं पाठ झालं, की तेही कोरसात म्हणायचे, "साहब गया!" आणि हसायचे. वेळेवर पोचवणारा ड्रायव्हर कुणाला नको असतो?

आणि तो काही एकटा नव्हता. तो सगळा रस्ताच तसा. खांबाजवळ हजार गाड्या एकदम आकसतात, आणि खांब गेला की एकदम सुटतात.

गेल्या वर्षी त्याची पोरगी उन्नती मागच्या सीटवर होती. नोएडातल्या एका कंपनीत ती हिशेबाचं काम करते, रोज बापाच्याच गाडीनं जायची. भाऊरावनं खांब पाहिला आणि पाय दाबला. एकशेतीसची गाडी ऐंशीवर आली. मागं एक मोटारसायकल होती. ती नाही आली ऐंशीवर. मागची काच फुटली, आणि उन्नतीनं वळून पाहिलं तेव्हा माणूस रस्त्यावर आणि त्याचा पाय भलत्याच बाजूला.

त्याला दवाखान्यात भाऊरावनंच नेलं, तेही एकशेतीसनं. पोलिसानं कागद पाहिले आणि निकाल देऊन टाकला, "पीछे वाले की गलती. दूरी रखनी चाहिए थी." संध्याकाळी भाऊराव सुरेखाला सांगत होता, "कायद्यानं माही काई चूक नाई. काच मात्र माही गेली."

त्या माणसाचं नाव सुजय. मांडीत सळई घातली त्याच्या. उन्नती त्याला बघायला गेली, तर तोच तिची माफी मागायला लागला. "अंकल का कोई फॉल्ट नहीं, मैं ही पास चल रहा था." ती घरी आली आणि बापाला एकच विचारलं, "पप्पा, तुम्ही ब्रेक का मारला?"

"कॅमेरा होता ना वं."

"रस्त्यात कुणी होतं?"

"रस्त्यात कोन राहीन? सांगतो ना, कॅमेरा होता."

दुसऱ्या दिवसापासून ती मेट्रोनं जायला लागली, गाड्या बदलत, उभ्यानं. बापाच्या गाडीला तिनं परत हात लावला नाही. भाऊरावला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. पण ते उतरलं नाही, आणि उन्नतीचं लग्न ठरलं.

नवरा मुलगा संघपाल, अमरावतीकडचा, नोकरीला ग्रेटर नोएडात. हॉलही तिकडचाच. म्हणजे मधे तोच एक्स्प्रेसवे. भाऊरावनं आदल्या दिवशी गाडी इतकी धुतली, की शेजारी म्हणाले आता रंग उडेल. झेंडूच्या माळा आणल्या, निळी रिबीन लावली. लग्नाच्या सकाळी उन्नती पांढऱ्या साडीत तयार होऊन बाहेर आली आणि म्हणाली, "मी कॅब बोलावलीय."

भाऊरावच्या हातातली माळ तशीच राहिली. "कॅब? ड्रायव्हरची पोरगी भाड्याच्या गाडीत लग्नाले जाईन? लोक थुंकतीन माह्या तोंडावर!"

"लोकांचं जाऊ द्या ना, यार पप्पा. मला आज भीत भीत नाही जायचं."

"भीत भीत? माह्या गाडीत?"

सुरेखा मधे पडली. "काहून भांडता आजच्या दिवशी? तू त्यायले सांग कसं चालवाचं ते. आन तुमी, तोंड बंद ठिवा आन आयका."

उन्नतीनं जरा विचार केला. "ठीक आहे. बोर्डावर लिहिलं असेल तेवढाच स्पीड. कॅमेरा असो नसो. काटा एकदा जरी वर गेला, तर मी आहे तिथं उतरणार. बिल्कुल उतरणार."

"हात्तीच्या! एवढंच?" भाऊराव म्हणाला आणि कॅब परत पाठवून दिली.

एवढंच म्हणाला खरा, पण ते दिवस धुक्याचे. थंडीत एक्स्प्रेसवेवरची मर्यादा शंभरवरून पंचाहत्तरवर आणतात. आणि त्या दिवशी धुक्याचा मागमूस नव्हता. लख्ख ऊन, मोकळा रस्ता, आणि बोर्डावर पंचाहत्तर.

"ऊन पडलं वं," भाऊराव म्हणाला. "हा बोर्ड धुक्यासाठी हाय."

"बोर्डावर ऊन-धुकं काही लिहिलं नाहीये," मागून उन्नती म्हणाली. ती दोन सीटांच्या मधून काट्याकडं बघत होती.

पंचाहत्तर. भाऊरावच्या पोटरीत मुंग्या आल्या. कारा गेल्या, जीपा गेल्या. एक टेम्पो गेला, वर गाद्या बांधलेला. "टेम्पो गेला! सुरेखा, गाद्यावाला टेम्पो गेला आपल्याले सोडून!"

"जाऊ द्या. त्याले गाद्या टाकाच्या असतीन कुठी."

ओळखीचा एक टॅक्सीवाला बाजूला आला, काच खाली केली. "क्या राव साब, धक्का दूं?" आणि दात काढत निघून गेला. भाऊरावचे कान तापले. स्टिअरिंगवर बोटं तबला वाजवायला लागली. तेवढ्यात सुरेखाचा फोन वाजला. तिचा भाऊ दिलीप, हॉलवर थांबलेला.

"ताई, कुठं हाय वं तुमी? भंतेजी येऊन बसले! हॉल चारपर्यंतच हाय!"

"येऊन राह्यलो," सुरेखा म्हणाली.

"दाजीले म्हना दाबा थोडं!"

फोनमधलं गाडीभर ऐकू आलं. भाऊरावनं आरशात उन्नतीकडं पाहिलं. ती काट्याकडंच बघत होती.

"आपल्यात मुहूर्त नसतो, पप्पा," ती म्हणाली. "कशाची घाई?"

"मुहूर्त नसते, पन जेवन थंड होते ना!"

तरी त्यानं काटा हलू दिला नाही. घाम आला थंडीत, पण हलू दिला नाही. मनात म्हणत असेल, एवढा रस्ता निघाला की लेकीला हॉलच्या दारात उतरवतो आणि सगळ्यांना दाखवतो.

मग लांबून खांब दिसला.

गाडी पंचाहत्तरवर होती. मर्यादा पंचाहत्तर. ब्रेक मारायचं काही कारण नव्हतं. पण भाऊरावच्या पायाला ते कोण सांगणार? पायानं खांब पाहिला आणि पाय दाबला गेला. गाडीनं नाक जमिनीकडं केलं, सुरेखाचा हात डॅशबोर्डवर आपटला. मागं टायर करकचून ओरडले. एक निळी गाडी मागच्या काचेत भरून आली, एवढी जवळ की आतल्या बाईचं उघडं तोंड दिसलं, आणि बोटभर जागा सोडून डाव्या बाजूनं निघून गेली. तिचा हॉर्न पार पुढं जाईपर्यंत वाजत होता.

भाऊरावच पहिला बोलला. "काटा वर नाई गेला. पाह्य तू. खालीच आला."

"हो," उन्नती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "काटा वर नाही गेला. तुमचं काहीच चुकलं नाही, पप्पा. त्या वेळेसही नव्हतं चुकलं."

ती उतरते म्हणाली नाही. म्हणायला कारणही नव्हतं, शब्द तर पाळला गेला होता. तिनं फक्त दाराच्या बाजूला सरकून मागं बघायला सुरुवात केली, मागून कोण येतंय ते. पांढऱ्या साडीतली नवरी, आपल्याच लग्नाला जाताना, मान वळवून मागचा रस्ता राखत बसलेली. भाऊरावला आरशात तिचा अंबाडा तेवढा दिसत होता.

"तू सामोर पाह्य ना वं," तो म्हणाला.

"नाही. कुणीतरी मागं बघायला पाहिजे."

पुढं आणखी खांब होते. किती आणि कुठं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, आणि पुढचा फाटा आला तसा डावा इंडिकेटर दिला.

"हे कुठी?" सुरेखानं विचारलं.

"खालच्या रस्त्यानं."

"सर्व्हिस रोडनं? तिकडून रात होईन!"

"तिथं कॅमेरा नाई," भाऊराव म्हणाला. "ह्या पायाचा मले भरोसा नाई आज."

खालचा रस्ता म्हणजे गावांचा बाजार. गतिरोधक, उलट्या बाजूनं येणारे ई-रिक्षा, भाजीच्या हातगाड्या, शाळेतून सुटलेली पोरं. एका ठिकाणी म्हशींचा कळप रस्ता ओलांडायला निघाला आणि अर्ध्यात विचार बदलून उभा राहिला. भाऊरावनं हॉर्न दिला नाही. शिव्या मात्र दिल्या, काच बंद ठेवून, वऱ्हाडीतल्या निवडक. पाय ब्रेकवर जात होता त्याचा, पण दर वेळेस कुणीतरी समोर होतं म्हणूनच. दोनदा दिलीपचा फोन आला. दोन्ही वेळा सुरेखानं कापला. मागं बघून बघून मान आखडली म्हणून असेल, उन्नती कधीतरी समोर वळून बसली, आणि म्हशी मोजायला लागली.

हॉलवर पोचले तेव्हा अर्धी पाहुणेमंडळी बाहेर रस्त्यावर उभी होती. दिलीप धावत आला. "दाजी! काय झालं गा? पंक्चर?"

"हाव," भाऊराव पटकन म्हणाला. "पंक्चर."

"पंक्चर नव्हतं, मामा," गाडीतून उतरता उतरता उन्नती म्हणाली. "पप्पा हळू आले."

"दाजी? हळू?" दिलीप हसायला लागला, आणि त्याच्यामागं सगळेच हसले. कुणीतरी म्हणालं, आता दाजी म्हातारे झाले. भाऊरावच्या मानेपर्यंत लाली चढली. चोरी पकडली गेली असती तरी माणूस एवढा लाजला नसता. गाडी लावायच्या नावाखाली तो तिथून सटकला, आणि पंचशील सुरू झालं तेव्हा कुठं मागच्या रांगेत येऊन उभा राहिला.

लग्न लागलं, जेवणं झाली. पोरगी सासरी निघायच्या आधी बापापाशी आली. रडारड सुरेखानं आधीच उरकली होती, त्यामुळं या दोघांना बोलायला काही उरलं नव्हतं. भाऊराव एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"परतणीला उद्या न्यायला कोण येणार?" उन्नतीनं विचारलं. "मामा की तुम्ही?"

"तू म्हनशीन तो."

"तुम्ही या."

भाऊरावनं खालच्या जमिनीकडं पाहिलं. "कोनत्या रस्त्यानं?"

"म्हशींच्या."

"बाप्पा!" भाऊराव कळवळला. "आख्खा दिवस जाईन त्या रस्त्यानं, पोरी."

"मग सकाळी लवकर निघा," ती म्हणाली आणि संघपालच्या गाडीत जाऊन बसली. बसल्या बसल्या तिनं त्याला काहीतरी विचारलं. त्यानं समोरच्या काट्याकडं बोट करून मान हलवली, आणि गाडी सावकाश फाटकाबाहेर गेली.