एका दिवसाचा पगार

उरणच्या बाजारात कुणीतरी प्रचाराचं पत्रक हातात दिलं, आणि त्याच्या ताज्या शाईच्या वासाने मला कंटेनर यार्डातलं आमचं युनियनचं ऑफिस आठवलं. तेव्हा मी युनियनचा चिटणीस होतो. आम्ही पाठिंबा दिलेल्या उमेदवाराच्या प्रचारासाठी प्रत्येक कामगाराचा एका दिवसाचा पगार कापायचा ठरला होता आणि त्याला ज्याची त्याची सही लागणार होती. दिवसभर उन्हात, डिझेलच्या धुरात फिरून सगळ्यांच्या सह्या झाल्या. फक्त मिठागराची जमीन बंदरासाठी गेल्यावर यार्डात कामाला लागलेल्या एका वयस्कर कामगाराची राहिली. बायको आजारी म्हणून तो रजेवर होता. "तूच मार त्याची सही, तो काय बोलणार नाय," अध्यक्ष म्हणाले. मी मारली. पगाराच्या दिवशी तो पावती घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. मी कामगारांच्या हिताबद्दल बरंच बोललो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इचारला असतास, तर दिला असता." आमचा उमेदवार निवडून आला. पुढच्या निवडणुकीला मी सगळ्यांत आधी त्याच्याकडेच गेलो. त्याने चष्मा लावून कागद शेवटपर्यंत वाचला आणि सही न करता परत दिला. त्याच महिन्यात मी चिटणीसपद सोडलं. आता निवडणूक आली की काही न करताच थकायला होतं.