बेटावरून तिघेच परतले

ती घटना मी विसरू शकलेलो नाही. तेव्हा मी वसईच्या किनाऱ्यावरील एका ठाण्याचा प्रभारी होतो. रविवारी सकाळी ठाणे अंमलदाराने मला फोन जोडून दिला. पलीकडे जेट्टीवरची एक कोळीण होती.

"साहेब, काल रबरी बोटीतून चौघं बेटावर गेलते. आता तिघंच उतरलेत नि सामान गाडीत भरतायत. पानी चढायला लागलंय. कोनीतरी या."

खाडीच्या तोंडावरच्या त्या बेटावर वस्ती नाही. तरीही सुट्टीच्या दिवशी लोक तिथे तंबू ठोकून राहत. हे तिघे माणिकपूरचे, नोकरदार, तिशीतले. चौथा त्यांचा मित्र, नंदाखाल गावातल्या बागायतदार घरातला.

मी जेट्टीवर पोहोचलो. "पहाटे पोहायला गेला आणि लाटेनं ओढला," तिघांतला थोरला म्हणाला. "त्याच्या बायकोलाही फोन करून सांगितलं. आम्ही ठाण्यातच येत होतो."

मी स्टेशन डायरीत नोंद करायला लावली आणि शोधासाठी बोटी समुद्राच्या बाजूला पाठवल्या. तिघांना ठाण्यात आणून वेगवेगळ्या खोल्यांत बसवून जबाब घेतले. तिघांचे शब्द जवळपास एकच होते. खरे सांगणारी तीन माणसे सहसा इतकी जुळत नाहीत.

सामानाचा पंचनामा करताना तंबू उघडला. घड्या नीट, खुंट्या पुसून पिशवीत. मी धाकट्याला विचारले, "तो बुडाला त्यानंतर तंबू कोणी आवरला?"

 त्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

"आधीच आवरला होता, साहेब. त्यानं आमच्या बाटल्या वाळूत ओतल्या. म्हणाला, पिऊन बोट वल्हवू देणार नाही. आम्हाला राग आला. धडा शिकवायला त्याला तिथंच ठेवून निघालो. त्याचा फोनही आमच्याच पिशवीत राहिला. तासाभरानं परत गेलो तर तो नव्हता."

"मग बुडाला असं का सांगितलं?"

"सोडून आलो, हे त्याच्या बायकोला कसं सांगणार?"

मी तत्काळ बोटी फिरवल्या. आता त्याला शोधायचे होते बेट आणि किनाऱ्याच्या मधल्या तिवरांच्या झाडीत. ओहोटीत तो चालत किनारा गाठायला निघाला होता. सापडला तेव्हा कमरेपर्यंत चिखलात रुतलेला, छातीला पाणी, दोन्ही हातांनी फांदी धरलेली. आवाज पूर्ण बसला होता.

संध्याकाळी रुग्णालयात थोरला त्याच्या खाटेजवळ आला. "अरे, आम्ही परत आलो होतो रे."

"सोडून गेलात ते मी समजू शकतो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पण मी जिवंत असताना माझ्या बायकोला मी बुडालो म्हणून सांगितलंत." मग त्याने तोंड फिरवले. त्याची बायको उशाशी बसून होती. तिने वर पाहिलेही नाही.

तिघांवर रीतसर गुन्हा दाखल झाला. त्यांच्यापैकी कोणालाही त्याचा जीव घ्यायचा नव्हता. त्यांना फक्त तोंड लपवायचे होते, आणि तेवढ्यासाठी त्यांनी आमच्या सगळ्या बोटी चुकीच्या पाण्यात पाठवल्या.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत बेपत्ता माणसाच्या प्रत्येक तपासात एक पथक मला सांगितलेल्या दिशेच्या उलट पाठवत राहिलो.