चावडीचं दार आणि दोन शिक्के

चांदा जिल्ह्यात, मूलच्या बाजूला, जंगल कचेरीत मी नक्कलनवीस होतो. साहेबांच्या हुकमाची हुबेहूब नक्कल करायची आणि तिच्यावर योग्य शिक्का मारायचा, एवढंच काम. शिक्के दोनच. गावाला नुसतं कळावं म्हणून चावडीवर लावायच्या नकलेवर ‘फक्त वाचण्यासाठी’, आणि माल आणणाऱ्याच्या नकलेवर ‘तोडणी व वाहतुकीस परवानगी’. दोन शिक्क्यांत चूक करायला खास अक्कल लागते. ती माझ्याकडे होती.

तळ्यात मासे धरणाऱ्या एका भाऊंच्या मुलीचं लग्न होतं. मांडवासाठी पन्नास बांबू मंजूर झाले. मी दोन्ही नकला सुंदर अक्षरात लिहिल्या, शिक्के मारले, अन् अक्षराकडे बघत बसलो. साहेब ती फाईल आणि शिक्क्यांची पेटी घेऊन दौऱ्यावर गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी भाऊ कचेरीत हजर.

“बाबू, नाक्यावर बैलबंडी अडवली ना माही! नाकेदार म्हणते, या कागदावर फक्त वाचाची परवानगी हाय. बांबू इथीच ठेव अन् वाचत बस. उद्या वऱ्हाड येऊन राह्यलं, मांडव कायचा घालू?”

मी शिक्के उलटे मारले होते. खरी परवानगी चावडीच्या दारावर चिकटलेली होती. आम्ही धावलो. कोतवालाने ती भाताच्या पेजेने अशी चिकटवली होती, की कोपरा उचलला तर शिक्काच फाटू लागला.

“काऊन फाडता?” भाऊ म्हणाले. “दारच नेऊ.”

“अन् चावडी?” कोतवाल ओरडला.

“तिच्यात हाय काय न्यायले?”

दार बिजागरीतून उचकटलं. पुढे भाऊ, मागे मी. दीड कोस. नाक्यापर्यंत माझ्या खांद्याची सालटं निघाली.

नाकेदाराने चष्मा लावून दार वरपासून खालपर्यंत वाचलं. “शिक्का बरोबर हाय. जाऊ द्या बंडी.” आम्ही दार उचलायला वाकलो, तर तो म्हणाला, “हात नाई लावाचा. माल गेला का परवाना नाक्यावर जमा. कायदा हाय.”

बांबू गेले, दार राहिलं. दुपारपर्यंत मांडव उभा झाला, आणि इकडे गावच्या शेळ्यांना कळलं की चावडी सताड उघडी आहे. त्यांनी कोतवालाच्या घोंगडीपासून सुरुवात केली. कोतवालाने माझा हात धरून मला उंबऱ्यावर बसवलं. “साहेब येऊन दार सोडवून देईपर्यंत तुमीच दार!”

म्हणून दुसऱ्या दिवशी लग्न लागलं तेव्हा मी काठी घेऊन चावडीत होतो. वाजंत्री ऐकू येत होती, बुंदीचा वास येत होता. पंगती उठल्यावर भाऊ स्वतः वाढलेली पत्रावळ घेऊन आले. माझ्यापुढे ठेवली. मी ओशाळून नुसता तिच्याकडे बघत राहिलो.

“खा ना बाबू,” ते म्हणाले. “हे फक्त वाचासाठी नाई.”