नासका नारळ

बायको गेल्यापासून माझं देवाशी भांडण आहे, ते अजून मिटलेलं नाही. दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमधली पूजा मी चालू ठेवली ती तिची होती म्हणून. राणी ही कुत्रीही तिचीच. आठ दिवस राणीला उलट्या होत होत्या, पाय लटपटत होते. ताकद यावी म्हणून मी रोज सकाळी गणपतीपुढे नारळ फोडून त्याचं पाणी तिला तीर्थ म्हणून पाजायचो. शेजारी म्हणाला, "अंकल, बूढ़ी हो गई है, सुला दो इसे." म्हटलं, "तेरी माँ भी बूढ़ी है, उसे भी सुला दूँ?" त्याने दार लावून घेतलं.

त्या मंगळवारी नारळ नासका निघाला. असा संताप आला! म्हटलं, देवा, बायको नेलीस, आता मुक्या जनावराचं तीर्थही काढून घेतोस? नारळ कचऱ्यात फेकला. तासाभरात राणी दारातच कोसळली. तिला उचललं, रिक्षात घातलं.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण लातूरची निघाली. "काका, काय खाऊ घालत होतात?" दिल्लीत असं कुणी मराठीत विचारेल असं वाटलं नव्हतं. नारळपाण्याचं ऐकून तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, मूत्रपिंडावर एक छोटी ग्रंथी असते. जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाका, असा हुकूम तिचा रस मूत्रपिंडाला देतो. राणीची ती ग्रंथीच थकलीय. घाबरल्यावर अंगात जो जोर येतो, तोही पोटॅशियम रक्तातून पेशींत ढकलतो, पण घटकाभरच. ते रक्तात साचलं की हृदय अडखळतं. आणि नारळपाण्यात तेच भरलेलं.

"म्हणजे आज पाजलं असतं तर?"

"तर इथवर आला नसतात, काका."

सलाईन, इंजेक्शनं झाली. दुपारी राणीने मान उचलून माझा हात चाटला. मी तिथेच, सगळ्यांसमोर रडलो.

नासक्या नारळात देव होता का, ते शिकलेल्यांनी ठरवावं. मी चौथी पास. त्या दवाखान्यात हात जोडले, मान वाकवली नाही. विचारलं, हिच्यासाठी सुचलं, मग तिच्या वेळी कुठे होतास?

राणीला आता जन्मभर औषध आहे. ती उद्या उठेल का, हे विचारायचं मी सोडलं. गोळी द्यायची मी, पुढचं तू बघ, देवा. एवढंच तुझ्यावर सोडलंय, जास्त मागू नकोस. पण हिला परत दिलीस, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.